परदेशस्थ ब्रिटिश निवृत्तिवेतनधारकांवरील विनिमय दर व आयात शुल्काचे परिणाम

युनायटेड किंग्डममध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर अन्य देशात स्थायिक झालेल्या व्यक्तींचे उत्पन्न सामान्यतः पाउंडमध्ये, तर खर्च वास्तव्याच्या देशातील चलनात असतो. त्यामुळे पाउंडचा विनिमय दर, दोन देशांमधील आयात शुल्काची व्यवस्था आणि निवृत्तिवेतनातील वार्षिक वाढीचे नियम या तीन गोष्टींवर त्यांचे राहणीमान अवलंबून राहते. ब्रिटनबाहेर राहून ब्रिटिश राज्य निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, आयर्लंड आणि स्पेन हे त्यांच्या वास्तव्याचे प्रमुख देश होत. २००८ चे आर्थिक संकट, २०१६ चे ब्रेक्झिट सार्वमत, २०२१ मध्ये ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यात निर्माण झालेली सीमाशुल्क सीमा आणि २०२५ मधील अमेरिकी आयात शुल्के या घटनांमुळे हा विषय विशेष चर्चेत आला.

पार्श्वभूमी

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील उबदार हवामान, स्वस्त घरे आणि युरोपीय संघातील मुक्त संचाराचा अधिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश निवृत्तांचा ओघ स्पेनकडे वाढला. आलिकांते प्रांतातील कोस्टा ब्लांका आणि मालागा प्रांतातील कोस्टा देल सोल या किनारपट्ट्यांवर त्यांच्या मोठ्या वसाहती निर्माण झाल्या. फ्रान्स, पोर्तुगाल व सायप्रस येथेही अशी वस्ती आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यू झीलंड येथील अनेक निवृत्त मात्र तरुणपणीच स्थलांतरित झालेले असतात किंवा मुलाबाळांजवळ राहण्यासाठी तेथे गेलेले असतात.

निवृत्तांच्या उत्पन्नाचे साधारणपणे तीन भाग पडतात. पहिला भाग राज्य निवृत्तिवेतनाचा असून ते राष्ट्रीय विमा योजनेतील अंशदानाच्या वर्षांवर ठरते. दुसरा भाग पूर्वीच्या नोकरीतील व्यावसायिक निवृत्तिवेतनाचा आणि तिसरा बचतीवरील व्याजाचा असतो. हे तिन्ही भाग पाउंडमध्येच असल्याने पाउंड घसरला की संपूर्ण उत्पन्नावर एकाच वेळी परिणाम होतो. नोकरी करणारी व्यक्ती पगारवाढ मागू शकते किंवा जादा काम करू शकते. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्तास हे पर्याय बहुधा उपलब्ध नसतात.

विनिमय दराचा परिणाम

पाउंडमधील रक्कम तीच राहिली तरी तिचे युरोतील मूल्य दरानुसार बदलते. दरमहा १,००० पाउंडच्या स्थिर निवृत्तिवेतनाचे स्थूल मूल्य वेगवेगळ्या काळात पुढीलप्रमाणे होते :

• २००० (वार्षिक सरासरी) : दर सुमारे १.६४, मूल्य १,६४० युरो
• जानेवारी २००७ : दर सुमारे १.५०, मूल्य १,५०० युरो
• डिसेंबर २००८ ची अखेर : दर सुमारे १.०३, मूल्य १,०३० युरो
• जुलै २०१५ : दर सुमारे १.४२, मूल्य १,४२० युरो
• सार्वमताच्या आधी, जून २०१६ : दर सुमारे १.३०, मूल्य १,३०० युरो
• ऑगस्ट २०१७ : दर सुमारे १.०९, मूल्य १,०९० युरो
• एप्रिल २०२५ चा मध्य : दर सुमारे १.१५, मूल्य १,१५० युरो

जानेवारी २००७ ते डिसेंबर २००८ या दोन वर्षांत युरोतील उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. घरभाडे, वीज, पाणी आणि स्थानिक कर यांची देयके युरोमध्येच येत असल्याने ही घट थेट दैनंदिन खर्चावर आली. याच काळात स्पेनमधील घरांच्या किमतीही कोसळल्या. त्यामुळे घर विकून मायदेशी परतावे, तर विक्रीची किंमत कमी आणि ग्राहकही दुर्मीळ, अशा दुहेरी अडचणीत अनेक कुटुंबे सापडली. दुर्बळ पाउंडची एक बाजू मात्र परतणाऱ्यांच्या हिताची असते. युरोत मिळालेली विक्रीची रक्कम पाउंडमध्ये रूपांतरित करताना जास्त पाउंड हाती येतात. म्हणजेच जे घटक परदेशी राहणे महाग करतात, त्यांतलाच एक परतीचा खर्च काही अंशी हलका करतो.

२३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर पाउंड पुन्हा घसरला. या वेळी घसरणीमागे बँकांचे संकट नव्हते. युरोपीय संघाबरोबरचा व्यापार पुढे महाग व अवघड होईल, ही बाजाराची अपेक्षा हे तिचे प्रमुख कारण होते. प्रत्यक्ष सीमाशुल्क व्यवस्था २०२१ मध्ये बदलली. तिचा परिणाम विनिमय दरात मात्र साडेचार वर्षे आधीच उमटला.

वार्षिक वाढ आणि अंशतः भरपाई

चलन घसरले की आयात महाग होते आणि काही काळाने मायदेशातील महागाई वाढते. ब्रिटनमध्ये राज्य निवृत्तिवेतनाची वार्षिक वाढ 'ट्रिपल लॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हमीनुसार ठरते. किमतींतील वाढ, सरासरी वेतनातील वाढ आणि २.५ टक्के यांपैकी सर्वांत मोठा आकडा दर एप्रिलमध्ये लागू केला जातो. सार्वमतानंतरच्या घसरणीमुळे आयात महागल्याने सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधील चलनवाढीचा दर ३ टक्के झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये निवृत्तिवेतनही ३ टक्क्यांनी वाढले. अशा रीतीने घसरणीची काही भरपाई निवृत्तिवेतनातूनच परत मिळते.

या भरपाईला दोन मर्यादा आहेत. पहिली, ती उशिरा मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यातील घसरणीचा परिणाम निवृत्तिवेतनात उतरण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. दुसरी, ती अपुरी असते. आयात वस्तू हा ब्रिटिश ग्राहकाच्या खर्चाचा केवळ एक भाग असल्याने चलन १५ टक्क्यांनी घसरले तरी सर्वसाधारण किमती तितक्या वाढत नाहीत. स्पेनमध्ये राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र जवळजवळ सर्वच खर्च परकीय चलनात असतो. वाढीचा निर्देशांक ब्रिटनमधील बाजाराचा आणि खर्च स्पेनमधील बाजारात, ही विसंगती त्यामुळे कायम राहते. व्यावसायिक निवृत्तिवेतनांपैकी काहींत वार्षिक वाढीवर कमाल मर्यादा असते, तर काहींत वाढ मुळीच नसते; तेथे ही तफावत अधिक रुंद होते.

गोठवलेली निवृत्तिवेतने

वार्षिक वाढ सर्व देशांतील निवृत्तांना मिळत नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड आणि ज्या देशांशी ब्रिटनचा सामाजिक सुरक्षेचा तशा तरतुदीचा करार आहे (उदा. अमेरिका, फिलिपिन्स, इस्रायल, जमैका), तेथे ती दिली जाते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यू झीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांसारख्या देशांत निवृत्तिवेतन सुरुवातीच्या रकमेवरच गोठवले जाते. या धोरणाचा फटका बसणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे. ब्रिटनच्या भूमिकेचा निषेध म्हणून ऑस्ट्रेलियाने त्या देशाशी असलेला सामाजिक सुरक्षा करार २००१ मध्ये संपुष्टात आणला. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन व इतरांनी या भेदाविरुद्ध दाद मागितली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१० मध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटिश सरकारच्या बाजूने निर्णय दिला.

२०००-०१ मध्ये पूर्ण मूलभूत राज्य निवृत्तिवेतन आठवड्याला ६७.५० पाउंड होते. २०२५-२६ मध्ये तेच १७६.४५ पाउंड झाले. २००० साली निवृत्त होऊन गोठवलेल्या यादीतील देशात गेलेल्या व्यक्तीस आजही ६७.५० पाउंडच मिळतात. अशा व्यक्तीसाठी विनिमय दर हाच उत्पन्न बदलण्याचा एकमेव मार्ग उरतो. पाउंड घसरल्यास तिला दरातील घट पूर्णपणे सोसावी लागते आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये मिळणारी वाढही तिच्या वाट्याला येत नाही. मायदेशी कायमचे परतल्यास निवृत्तिवेतन चालू दरावर आणले जाते. मात्र अनेक दशके दुसऱ्या देशात काढलेल्या वृद्धांना मुले-नातवंडे सोडून परतणे बहुधा शक्य नसते.

आयात शुल्क आणि सीमाशुल्काचा परिणाम

दैनंदिन खरेदीवरील परिणाम

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या एकल बाजारपेठेतून व सीमाशुल्क संघातून बाहेर पडला. दोन्ही पक्षांतील व्यापार व सहकार्य करारानुसार एकमेकांच्या देशांत उत्पादित वस्तूंवर आयात शुल्क आकारले जात नाही. तरीही निवृत्तांच्या खरेदीवर तीन मार्गांनी परिणाम झाला.

पहिला मार्ग वस्तूच्या उगमदेशाच्या नियमांचा आहे. शुल्कमाफी केवळ ब्रिटनमध्ये 'उत्पादित' वस्तूंना मिळते, ब्रिटनमध्ये 'विकल्या गेलेल्या' वस्तूंना नाही. समजा, स्पेनमधील निवृत्ताने ब्रिटनमधील दुकानातून २०० पाउंडचा, चीनमध्ये शिवलेला कोट मागवला. १.१५ या दराने त्याची किंमत २३० युरो होते. १५० युरोंपेक्षा अधिक किमतीच्या पार्सलावर शुल्क लागू असल्याने तयार कपड्यांवरील १२ टक्के दराने २७.६० युरो शुल्क आणि एकूण २५७.६० युरोंवर २१ टक्के दराने सुमारे ५४.१० युरो स्पॅनिश मूल्यवर्धित कर भरावा लागतो. वाहतूक खर्च व हाताळणी आकार वगळताही कोट सुमारे ३११.७० युरोंना पडतो. विक्रेत्याने निर्यात म्हणून ब्रिटिश मूल्यवर्धित कर वजा केला, तरच हा भार काहीसा कमी होतो.

दुसरा मार्ग खाद्यपदार्थांवरील निर्बंधांचा आहे. संघाबाहेरील देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास किंवा खासगी पार्सलाने मागवण्यास मनाई आहे. तो नियम ब्रिटनहून येणाऱ्यांनाही लागू झाला. नातलगांनी भेटीस येताना चीज किंवा बेकन आणण्याची प्रथा त्यामुळे बंद पडली.

तिसरा मार्ग कागदपत्रे व तपासणीच्या खर्चाचा आहे. ब्रिटिश किराणा माल विकणाऱ्या किनारपट्टीवरील दुकानांना प्रत्येक खेपेसाठी घोषणापत्रे आणि प्राणिजन्य पदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्रे सादर करावी लागू लागली. हा खर्च शुल्क नसला तरी शेवटी किमतीतच मिसळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीने ताज्या खाद्यपदार्थांच्या पुरवठ्यातील अडचणींमुळे फ्रान्समधील ११ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले.

या बदलाचा विनिमय दराशीही संबंध आहे. पूर्वी पाउंड घसरला की ब्रिटनहून मागवलेली वस्तू युरोच्या हिशेबाने तितकीच स्वस्त होई. म्हणजे पाउंडमध्ये उत्पन्न असणाऱ्यास तिची खरी किंमत बदलत नसे. खर्चाचा काही भाग मायदेशी वस्तूंवर करणे हे चलनाच्या घसरणीपासून मिळणारे एक स्वाभाविक संरक्षण होते. शुल्क, कर आणि हाताळणी आकार यांमुळे ते संरक्षण बरेच कमकुवत झाले.

विनिमय दरामार्फत होणारा परिणाम

अर्थशास्त्रातील प्रचलित मांडणीनुसार एखाद्या देशाने आयात शुल्क वाढवले की त्याची आयात घटते, परकीय चलनाची मागणी कमी होते आणि त्याचे स्वतःचे चलन वधारण्याकडे कल असतो. इतर देशांनी प्रतिशुल्क लादल्यास किंवा गुंतवणूकदारांचा विश्वास डळमळल्यास याच्या उलटही घडू शकते. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने बहुतेक देशांवरील नव्या आयात शुल्कांची घोषणा केली तेव्हा डॉलर वधारण्याऐवजी घसरला आणि गुंतवणूकदारांचा ओघ युरोकडे वळला. परिणामी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पाउंडचा युरोतील दर सुमारे १.१९ वरून १.१५ वर आला.

ब्रिटन व स्पेन यांच्यातील व्यापाराचा कोणताही नियम या काळात बदललेला नव्हता. तरी स्पेनमधील ब्रिटिश निवृत्ताचे युरोतील उत्पन्न दोन आठवड्यांत सुमारे ३ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी पाउंड डॉलरच्या तुलनेत वधारल्याने अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्ताचे उत्पन्न डॉलरमध्ये वाढले. मात्र नव्या शुल्कांमुळे अमेरिकेत आयात वस्तू महागण्याचा धोका त्याच्यापुढे उभा राहिला. एकाच घटनेचे परिणाम निवृत्त कोठे राहतो त्यानुसार परस्परविरुद्ध असू शकतात, हे यावरून दिसते.

निवास परवाना आणि उत्पन्नाची अट

३१ डिसेंबर २०२० पूर्वी युरोपीय संघात कायदेशीररीत्या राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांचे निवासाचे हक्क माघार करारामुळे सुरक्षित राहिले. त्यानंतर जाणाऱ्यांना मात्र व्हिसा लागतो. नोकरी न करता स्पेनमध्ये राहण्याच्या व्हिसासाठी अर्जदाराचे उत्पन्न 'इप्रेम' या स्पॅनिश सार्वजनिक निर्देशांकाच्या चौपट असावे लागते. २०२५ मध्ये हा निर्देशांक दरमहा ६०० युरो असल्याने अट वर्षाला २८,८०० युरोंची होती.

ही अट युरोत असल्यामुळे तिचे पाउंडमधील मूल्य सतत बदलते. १.३० दराने तिच्यासाठी सुमारे २२,१५० पाउंड पुरतात, तर १.१५ दराने सुमारे २५,०४० पाउंड लागतात. २०२५-२६ मधील पूर्ण नवे राज्य निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पाउंड, म्हणजे वर्षाला सुमारे ११,९७३ पाउंड होते. १.१५ दराने ते १३,७७० युरोंच्या आसपास, म्हणजे अटीच्या निम्म्याहूनही कमी भरते. केवळ राज्य निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास हा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. थायलंडमध्येही पन्नाशीवरील निवृत्तांच्या परवान्यासाठी बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न ही स्थानिक चलनातील अट आहे. तेथेही बाथ वधारला की काठावर असलेले अर्जदार अपात्र ठरू शकतात.

जोखीम कमी करण्याचे उपाय

• निवृत्तिवेतनाचा काही भाग ब्रिटिश बँक खात्यात ठेवून दर अनुकूल असताना रूपांतर करणे. यासाठी हाताशी काही महिन्यांच्या खर्चाची स्थानिक चलनातील राखीव रक्कम असावी लागते.
• चलन रूपांतर करणाऱ्या संस्थेशी काही महिन्यांसाठी निश्चित दराचा वायदा करार करणे. यामुळे दर घसरल्यास संरक्षण मिळते, परंतु दर वाढल्यास त्याचा लाभ मिळत नाही.
• बचतीचा काही भाग वास्तव्याच्या देशाच्या चलनात गुंतवणे.
• रूपांतरावरील शुल्क व दरातील फरक तपासणे. बाजारातील दर आणि ग्राहकाला दिलेला दर यांतील दोन-तीन टक्क्यांचा फरक वर्षाअखेर मोठी रक्कम बनतो.

हे उपाय प्रामुख्याने बचत असलेल्यांच्या उपयोगाचे आहेत. महिन्याचे निवृत्तिवेतन महिन्यातच खर्च होणाऱ्यास अनुकूल दराची वाट पाहता येत नाही.

भारताशी संबंध

भारत गोठवलेल्या यादीत असल्याने ब्रिटनमध्ये नोकरी करून महाराष्ट्र, गोवा किंवा भारतातील अन्य भागांत परतलेल्यांना वार्षिक वाढ मिळत नाही. येथे रुपयाच्या घसरणीने काही भरपाई केली आहे. २००० मध्ये एका पाउंडला सुमारे ६८ रुपये मिळत, तर २०२५ च्या मध्यास सुमारे ११५ रुपये मिळत होते. त्यामुळे आठवड्याच्या ६७.५० पाउंडचे मूल्य सुमारे ४,५९० रुपयांवरून ७,७६० रुपयांवर गेले. ही वाढ १.७ पट असली तरी याच काळात भारतातील किमती त्याहून कितीतरी अधिक वाढल्याने खरी क्रयशक्ती घटलीच. निवृत्तिवेतन गोठवले नसते तर २०२५ च्या दराने ते आठवड्याला सुमारे २०,२९० रुपये झाले असते.

२४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरील भारताचे १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद त्यात आहे. त्यासोबतचा दुहेरी अंशदानाविषयीचा समझोता तात्पुरत्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यांना दुसऱ्या देशातील अंशदानातून सूट देतो. तो अंशदानापुरता असून त्यामुळे गोठवलेल्या निवृत्तिवेतनात वाढ होत नाही.

उलट दिशेचा प्रश्न भारतातील निवृत्तिवेतनावर परदेशी, बहुधा मुलांजवळ, राहणाऱ्या ज्येष्ठांचा आहे. २००० मध्ये एका डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत. डिसेंबर २०२५ मध्ये हा दर ९० रुपयांपलीकडे गेला. ३०,००० रुपयांचे डॉलरमधील मूल्य यामुळे सुमारे ६६७ वरून ३३३ वर आले. केंद्र सरकारच्या निवृत्तांना जानेवारी व जुलैपासून मिळणारी महागाई सवलत भारतीय किमतींच्या निर्देशांकावर ठरते, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये अशी सवलतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा बासमती तांदूळ व मसाल्यांसारख्या वस्तूंनाही ते लागू झाले. मसाले व चहा यांसह काही कृषिमालास नोव्हेंबर २०२५ मध्ये सूट देण्यात आली.

हेही पाहा

• विनिमय दर
• आयात शुल्क
• ब्रेक्झिट
• चलनवाढ
• क्रयशक्ती समानता
• निवृत्तिवेतन